मुरत ठेवलेले स्पीकर

"अगं आई, नवे स्पीकर आधी काही तास नुसते वाजवत ठेवून मुरवावे लागतात! एकदम ऐकायला घेतले तर कोरडे वाजतात."

"मुरव की मग. पण माझ्या हॉलमध्ये नाही. भिंतींना परवाच रंग दिलाय, तिथे तुझ्या वायरी नकोत."

या पोराला मित्र कानसेन म्हणायचे. का, तर शेजारचा पंखा कुरकुरला की हा इकडे बसून सांगायचा, बेअरिंग गेलंय की पातं घासतंय. आता स्पीकर, टीव्ही असल्या वस्तूंची पारख करणारं एक मासिक आहे, त्याच्या संपादकांनी त्याला एक जोडी दिली होती. संध्याकाळी ते स्वतः घरी येऊन त्याचं मत ऐकणार होते. मत पटलं तर नोकरी पक्की! आणि नोकरीचं नाव काढलं की घरात आधीच आईचा चेहरा कसा व्हायचा, ते विचारू नका.

तर आई आंघोळीला गेल्या गेल्या यानं काय केलं, हॉलमधल्याच भिंतीतल्या कपाटात दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवले, वरून दोन दुलया टाकल्या आणि मुरवायचं रेकॉर्डिंग लावलं. म्हणजे गाणंबिणं नाही हं, नुसतं श्शऽऽऽ! नळ उघडा राहिल्यासारखं. दुपारी ते आपोआप बंद होणार, अशी सोय करून पठ्ठ्या बाहेर निघून गेला.

दुपारी रेकॉर्डिंग संपलं. आणि पहिल्यापासून सुरू झालं.

आई जरा आडवी झाली तर भिंतीतून श्शऽऽऽ. तिनं स्वयंपाकघरातला नळ पाहिला, बाथरूममधला पाहिला, सगळे बंद. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या छताला एकदा ओल आली होती, तेव्हापासून ते जगाकडे संशयानंच बघायचे.

"वहिनी, पाइप फुटलाय तुमचा! आज तुमच्या भिंतीत आहे, उद्या माझ्या डोक्यावर येईल!"

प्लंबर आला. त्यानं भिंतीला कान लावला आणि डोळे मिटले.

"पाणी आहे. जोरात आहे."

अख्ख्या इमारतीचं पाणी बंद केलं. वरच्या मजल्यावरून अंगाला साबण लावलेली एक बाई ओरडायला लागली. भिंतीतला आवाज मात्र चालूच!

"पाणी बंद, तरी आवाज कसा?" आईनं विचारलं.

"साठलेलं असतं ना आत," प्लंबर म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

नेमका तेव्हा कानसेन घरी आला. आईला इतकं हायसं वाटलं! "अरे, तू ऐक बघू. तुझे कान काय आज कामाला येणार नाहीत तर कधी?"

स्पीकर दुपारीच गप्प झालेत, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. भिंतीला कान लावून तो इकडे सरकला, तिकडे सरकला, मग बोटानं एक जागा दाखवली.

"इथे. जोड ढिला झालाय. पाणी बारीक फवाऱ्यानं उडतंय आणि सिमेंटवर आपटतंय. थेंब न् थेंब वेगळा ऐकू येतोय मला!"

"बघा, याला म्हणतात कान!" काका म्हणाले.

प्लंबरनं हातोडा घातला. नवा रंग, प्लास्टर, विटा, सगळं धडाधड खाली. परातीएवढं भगदाड पडलं. आत पाइप कोरडा ठणठणीत, आणि बाजूला विजेची वायर.

"थांबा थांबा, आधी मेन बंद करा!"

आईनं मेन बंद केला, आणि आवाज थांबला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"पाणी विजेवर चालतं का हो?" काकांनी हळूच विचारलं.

मेन चालू केला. श्शऽऽऽ. आईनं कपाटाकडे पाहिलं. मग कानसेनाकडे पाहिलं. कानसेन जमिनीकडे बघत होता.

"थेंब न् थेंब, नाही का रे?"

आणि बेल वाजली. संपादक!

ते विटा ओलांडत आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं, लावा." कानसेनानं स्पीकर कपाटातून काढून मांडले, गाणं लावलं. संपादकांनी डोळे मिटले. मग उठून खोलीत दोन टाळ्या वाजवल्या. मग भगदाडात डोकं घातलं.

"हे मुद्दाम पाडलंत?"

"मापात पाडलंय साहेब," प्लंबर चटकन म्हणाला.

"कमाल! गुळगुळीत भिंतीवर आवाज आपटतो आणि घुमतो. इथे कसा विरतोय बघा! आणि स्पीकरबद्दल काय मत तुमचं?"

कानसेन म्हणाला, "खरं आणि खोटं यातला फरक कळत नाही सर. मला तर अजिबात कळला नाही."

"वा! एका वाक्यात सगळं आलं. उद्यापासून कामावर या. म्हणजे मीच इथे येतो. फक्त ही भिंत बुजवायची नाही!"

"बुजवायची नाही?" आई पुढे आली. "स्वतःच्या घरी फोडा की एक!"

"आमची ही भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाही हो."

"शहाणी आहे. नंबर द्या तिचा."

आई फोन घेऊन गॅलरीत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली ती लढाई जिंकल्यासारखी.

"शब्द न् शब्द पटला त्यांना. म्हणाल्या, ताई, उद्या सकाळीच सोक्षमोक्ष लावते."

सकाळी खाली टेम्पो उभा. माणसाएवढे स्पीकर, तीन टीव्ही, वायरींची गाठोडी. टेम्पोवाला दोरी सोडत म्हणाला, "बाईंचा निरोप आहे. म्हणाल्या, ताईंची भिंत तशीही फुटलेलीच आहे, तर हे सगळं आता तिकडेच राहू दे. त्यांचे फार उपकार झाले म्हणावं."

"आणि साहेब?" आईनं कसंबसं विचारलं.

"साहेब मागून येतायत. डबा घेऊन."