इरल्याखालचा गुलाब

आमच्या मुरबाडात लावणीच्या दिवसांत शेतकरी पावसासाठी पाठीवर बांबू-पानांचं इरलं घेऊन घराबाहेर पडतो. केरूभाऊ मात्र डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन निघत. त्यांचं इरलं अंगणातल्या गुलाबावर असे. लांबून बघणाऱ्याला वाटे, मोरीपाशी कोणी बाई वाकून उभी आहे. एका नव्या पोस्टमनने तर तिला पत्ता विचारला आणि उत्तर मिळेना म्हणून तो तिच्यावर चिडलाही.

झाड तसं काही दिमाखदार नव्हतं. कमरेइतकं काटेरी गावठी झुडूप, फिकट गुलाबी फुलांचं. पण बडदास्त जावयाची. आंघोळीचं पाणी त्याच्या आळ्यात जाई. शेजारच्या जनाकाकूंकडून तांदळाचं धुवण येई, सुकट धुतलेलं पाणी येई. काकू कुंपणावरून हाक मारत, "केरू, ने रे बाबा हे पाणी! तुझी लाडकी उपाशी असेल."

"आलो, आलो. घाई नाय."

'घाई नाय' हा केरूभाऊंचा मंत्र. फूल मागणाऱ्यालाही तोच. एका गणपतीत माझी आई त्यांच्याकडे फूल मागायला गेली. "एक फूल दे रे, देवाला."

"घाई नाय, वयनी. देव काय पळून जातोय? झाडावरचं बघू दे की त्याला."

आई रिकाम्या हाताने परत आली, पण हसत.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. सुट्टी संपली की कॉलेजला परत जाताना केरूभाऊ मला आपल्या बैलगाडीतून कल्याणपर्यंत सोडत, आणि त्याबद्दल कधी शब्द काढत नसत. त्यामुळे त्यांची थट्टा लिहितानाही माझा हात जरा जपून चालतो.

झाडाची गोष्ट सगळ्या आळीला ठाऊक होती. ते त्यांच्या बायकोचं, सगुणावहिनींचं. शहापूरला माहेरच्या अंगणातून फांदी आणून त्यांनी ती लावली होती. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पाला, काटक्या पसरून राब भाजतात. एका उन्हाळ्यात राबाला काटक्या कमी पडल्या. वहिनी पाण्याला गेलेल्या. केरूभाऊंनी कोयता घेतला, कुंपणाच्या करवंदीबरोबर हे झुडूपही बुडापासून तोडलं आणि पेटवून दिलं. काटा तो काटा, सगळा सारखाच जळतो, एवढाच त्यांचा विचार.

वहिनी आल्या. राखेकडे बघत राहिल्या. "या घरात माझं म्हणून एवढंच होतं," म्हणाल्या, आणि शहापूरला भावाकडे निघून गेल्या.

पावसात बुंध्याला कोंब फुटला. त्याच दिवशी इरलं झाडावर गेलं. झाडाला फूल आलं की वहिनींना आणायला जायचं, असं केरूभाऊंनी जाहीर केलं.

फूल आलं. जनाकाकू म्हणाल्या, "आता जा, घेऊन ये तिला."

"घाई नाय. एका फुलावर काय येतेय ती?"

पुढच्या थंडीत झाड लगडलं. "आता रे?"

"जरा उंच होऊ दे."

झाड उंच झालं. मग बैल लंगडायला लागला. मग लढाईमुळे रॉकेल मिळेना. रॉकेलचा आणि बायकोला आणण्याचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. शेवटी काकू कडाडल्या, "मेल्या, झाड कमी पडत नाय तुझं. भ्या वाटतंय तुला! ती नाय म्हणाली तर?"

केरूभाऊ खुरपं घेऊन वळले. झाडाच्या बुंध्याशी माती उकरत बसून राहिले.

मी बी. ए. झालो आणि मला शहापूरच्या शाळेत नोकरी मिळाली. शाळा उघडायच्या आधी ट्रंक न्यायची होती. न सांगता केरूभाऊ गाडी घेऊन दारात हजर. अंगात धुतलेला सदरा. गाडीत ओल्या फडक्याने झाकलेली टोपली. मी फडकं उचलून बघितलं. झाडावरची सगळी फुलं होती. कळ्यासुद्धा.

वाटेतली किन्हवली मागे पडली तरी ते बैलांशीच बोलत होते. शहापुरात माझी ट्रंक उतरवण्याआधी गाडी वहिनींच्या भावाच्या दारात थांबली.

अंगणात तोच मूळचा गुलाब होता. पण छपराला टेकलेला, फुलांनी वाकलेला. केरूभाऊंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आपल्या कोमेजलेल्या फुलांकडे, आणि टोपली पाठीमागे लपवली.

वहिनी बाहेर आल्या. "काय लपवलंत?"

टोपली पुढे आली.

"झाड जगलं?"

"जगलं."

"आणि सगळं ओरबाडलंत? कळ्या पण?" त्यांनी कपाळाला हात लावला. "तोडायची सवय काय गेली नाय तुमची."

केरूभाऊंची मान खाली. वहिनींनी टोपली मात्र आत नेली. येताना पाण्याचा तांब्या आणला. आधी मला दिला, मग त्यांना. ते पीत असताना दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाल्या, "भावाची लावणी उरकू दे. मग बघू."

एवढंच. आम्ही शाळेकडे वळलो. केरूभाऊंनी ट्रंक उतरवली, ओसरीवर ठेवली, पुन्हा उचलून थोडी आत सरकवली. जायला म्हणून निघाले आणि जू धरून उभे राहिले. सगळा जन्म गुडघाभर चिखलात भात लावलेला हा माणूस. त्याने मला, पुस्तकात डोकं घालून वाढलेल्याला, हळूच विचारलं,

"काय रे, इकडं लावणी कदी उरकते?"