दोऱ्यातून करंट जात नाही

राजेश्वरने गाडीतली अंधश्रद्धा हद्दपार करायचं ठरवलं तेव्हा रविवार होता आणि त्याच्या हातात कात्री होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गाडी त्याच्या वडिलांची, म्हणजे भीमाशंकर आप्पांची. सिरसाळ्यात आप्पांचं किराणा दुकान. गाडी सेकंडहँड, पांढरी, वयाने राजेश्वरपेक्षा थोडीच लहान. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची, मागे काळी बाहुली, आरशाला रुद्राक्षाची माळ, बॉनेटवर इभूतीचे, म्हणजे भस्माचे, तीन पट्टे. शिवाय स्टिअरिंगच्या खाली, जिथलं प्लास्टिकचं झाकण आधीच्या मालकाकडेच राहिलं होतं तिथे, एक काळा दोरा आठ-दहा वेढे देऊन गच्च आवळलेला.

"या गाडीत इंजिन सोडून सगळं देवाचं आहे," राजेश्वर म्हणायचा.

"म्हणूनच चालती," आप्पा म्हणायचे.

राजेश्वर फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेला. गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचा, आणि एवढ्या सावकाश बदलणाऱ्या देशाचा त्याला फार राग यायचा. लोकांना विचार करायला लावायचं म्हणून त्याने 'विवेकज्योत' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. त्यात एकशे बारा सदस्य होते. (पैकी ऐंशी जणांनी ग्रुप म्यूट केला होता. उरलेल्यांना म्यूट कसं करायचं ते माहीत नव्हतं.)

तर कात्री चालली. लिंबू गेलं, बाहुली गेली. माळ त्याने सोडवून आईच्या हातात दिली. मग तो स्टिअरिंगखाली आडवा होऊन दोऱ्याकडे वळला, तशा उमाबाई अंगणातून ओरडल्या, "आरं, बाकी समदं काढ, पर त्यो खालचा दोरा ऱ्हाऊ दे! वैजनाथाच्या पायाला लावून आणलाय मी!"

"म्हणूनच आधी तोच कापतो, आई."

कच्. दोरा कचऱ्याच्या डब्यात गेला. राजेश्वरने मोबाईल समोर धरून व्हिडिओ काढला, "मित्रहो, आजपासून आमची गाडी फक्त विज्ञानावर चालेल!" आणि तो ग्रुपवर टाकला. मग पेट्रोल पंपापर्यंत, रस्त्यातला एकही खड्डा न चुकवता, तो एक चक्कर मारून आला. गाडी छान चालली. परत आल्यावर तो आप्पांकडे नुसता बघत उभा राहिला. आप्पा तराजू पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. राजेश्वरची बायको रुद्राणी, बीएस्सी बीएड, हिची परळीच्या एका शाळेत अकरा वाजता मुलाखत होती. विज्ञान शिक्षिकेची एकच जागा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि या दीड वर्षात तिने अशा जागेसाठी अकरा अर्ज केले होते. बोलावणं आलेलं हे पहिलंच. सव्वाआठला ती पर्स खांद्याला लावून बसला निघालीही होती.

"बस? घरात गाडी असताना?" राजेश्वरने तिची पर्सच धरली. "दहाला निघू, साडेदहाला दारात. एकदम ताजीतवानी जाशील."

रुद्राणीने गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. दोन्हींवर विश्वास ठेवावा की नाही, असं ते बघणं होतं. पण ती थांबली. साडेआठची बस गेली.

दहा कशाला, नऊलाच काढून ठेवू म्हणून राजेश्वरने गाडीत बसून चावी फिरवली.

काहीच झालं नाही. आवाज नाही, गुरगुर नाही, डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागला नाही. भिंतीत चावी खुपसून फिरवावी तसं वाटलं.

"बॅटरी!" राजेश्वरने निदान केलं. पण हॉर्न दाबला तर गल्ली दचकली. हेडलाइटही लख्ख लागले.

"बॅटरी न्हाई," आप्पा ओट्यावरून म्हणाले. "नजर."

राजेश्वर घरातून मल्टिमीटर घेऊन आला. (हा त्याने ऑनलाइन मागवला होता. आजवर त्याने त्यावर फक्त रिमोटचे सेल तपासले होते.) बॅटरी साडेबारा व्होल्ट. उत्तम. मग त्याने फ्यूज काढले, एकेक उजेडात धरून पाहिले, सगळे धडधाकट. मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाने एक वायर हलवली आणि त्याची गाडी सुरू झाली. राजेश्वरने तशीच वायर हलवली आणि दोन्ही हेडलाइट बंद झाले.

"आता निदान दोष सगळीकडे सारखा झाला," तो घाम पुसत म्हणाला.

एव्हाना शेजारच्या मुक्ताबाई चहाची बशी घेऊन फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "कावून बंद पडली ओ?"

"विज्ञानावर चालतीय ना," आप्पा म्हणाले.

रुद्राणी घड्याळाकडे बघत गाडीपाशी आली. "अहो, एक सांगू? कालपर्यंत गाडी चालत होती. काल तुम्ही हात लावला. तर काल जे काढलंत ते आधी बघा ना."

राजेश्वर बॉनेटखालून बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर ग्रीस होतं आणि ग्रीसखाली दुःख होतं. "तूसुद्धा? रुद्राणी, तूसुद्धा? मी दोरा काढला! सुताचा दोरा! दोऱ्यातून करंट जात नाही! सातवीच्या पुस्तकात आहे!"

"मी कुठं म्हणाले करंट जातो म्हणून? मी म्हणतेय, जिथून काढला तिथं एकदा..."

"म्हणजे तेच! घरात पदव्या आल्या, पण मनातली बाहुली गेली नाही!"

रुद्राणीने ओठ घट्ट मिटले. असे ओठ मिटले की पुढचे दोन दिवस भाजीत मीठ कमी पडतं, हे राजेश्वरला माहीत होतं. पण तत्त्वापुढे मीठ काय! त्याने सेल्फ मोटारवर हातोडीने तीन टोले मारले. (व्हिडिओतल्या माणसाने एक मारला होता.)

पावणेदहा. दहा. दहाच्या बसचा हॉर्न फाट्यावरून ऐकू आला आणि विरला.

"भारतभाऊ!" रुद्राणी एकदम फाटकाकडे धावली. मागल्या आळीतला भारत पिकअप घेऊन परळीच्या बाजाराला निघाला होता. मागे बावीस शेळ्या. पुढे जागा एक. रुद्राणी इस्त्रीची साडी सावरत केबिनमध्ये चढली.

"वहिनी, वास येईल हां जरा."

"येऊ द्या. चालू तर आहे ना तुमची?"

पिकअप निघाली. मागच्या बावीसही शेळ्यांनी राजेश्वरकडे एकाच वेळी पाहिलं, असं त्याला उगीच वाटलं.

आता मात्र आप्पांनी फोन लावला, आणि सिदू मेकॅनिक आला. त्याने हत्यारांची पेटी उघडली नाही, की बॉनेटकडे पाहिलं नाही. तो थेट स्टिअरिंगखाली आडवा झाला, मान वळवून वर पाहिलं आणि म्हणाला, "हितला दोरा कुटं गेला बे?"

आप्पा ओट्यावरून हळूच उठून उभे राहिले. मुक्ताबाईंची बशी तोंडाशीच थांबली.

"दोऱ्याचा काय संबंध?" राजेश्वरचा आवाज चिरकला.

"मास्तर, हे बगा." सिदूने बोट दाखवलं. "चावी फिरवली का बॅटरीचा करंट ह्या स्विचात येतो, आन् ह्या सॉकेटातून फुडं सगळीकडं जातो. सॉकेटाचं लॉक तुटलंय. दोन वर्साखाली आलतो तवा नवीन सॉकेट परळीत भेटंना, बीडात भेटंना. मग काकूंनी दोरा दिला, त्यानं आवळून टाकलं. लई झ्याक बसलं होतं. दोरा काढला, खड्ड्यात दोन दणके बसले, सॉकेट आलं भायेर. करंट येतोय कुटून?"

राजेश्वरचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे दोष यांत्रिक आहे! ऐकलंत ना आप्पा? नजर नाही, काही नाही! दोरा फक्त सॉकेट धरून होता!"

"मंग?" आप्पा म्हणाले. "आमी काय म्हणतो? दोरा होता म्हणून चालत होती."

"पण कारण वेगळं आहे!"

"कारण तुजं घे. दोरा आमचा लाव."

सिदूने पेटी चाळली. प्लास्टिकचे पट्टे संपले होते. चिकटपट्टी गरम झाली की सुटते म्हणाला. सगळ्यांच्या नजरा कचऱ्याच्या डब्याकडे गेल्या. तेवढ्यात उमाबाई देवघरातून आल्या. दोरा कालच डब्यातून काढून, धुऊन, वाळवून त्यांनी देवापुढे ठेवला होता. कात्री टोकाला लागली होती, लांबी पुरेशी होती.

"माजा हात जाड हाय," सिदू म्हणाला. "मास्तर, तुमी बांदा. मी सॉकेट दाबून धरतो."

आणि अशा रीतीने विवेकज्योतीचे संस्थापक स्टिअरिंगखाली उताणे होऊन, वैजनाथाच्या पायाला लावलेला काळा दोरा गाडीला बांधू लागले. गाठ मारताना उमाबाईंनी वाकून त्यांच्या कपाळाला इभूतीची तीन बोटं ओढली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मुक्ताबाईंनी हात जोडले. आणि आप्पांनी, ज्यांना राजेश्वरने स्वतःच हौसेने ग्रुपमध्ये घेतलं होतं, सगळा प्रकार मोबाईलवर टिपून 'विवेकज्योत'वर टाकला. खाली लिहिलं, 'आज गाडी चालू झाली.'

म्यूट केलेल्या ऐंशीही जणांनी तो पाहिला.

राजेश्वर परळीला पोचला तेव्हा रुद्राणी शाळेच्या फाटकात उभी होती. पदराला शेळ्यांचा वास होता आणि चेहऱ्यावर हसू.

"घेतलं?" त्याने घाबरत विचारलं.

"घेतलं. एक तारखेपासून या म्हणाले."

राजेश्वरला इतका आनंद झाला की तो सकाळचं सगळं विसरला. "काय विचारलं?"

"वैज्ञानिक दृष्टिकोन मुलांना कसा शिकवाल, असं विचारलं. मी म्हणाले, एखादी गोष्ट बंद पडली तर आधी शेवटी काय बदललं ते तपासायचं, आणि दुसरं माणूस काय सांगतंय ते पुरतं ऐकून घ्यायचं. ते म्हणाले, उदाहरण द्या."

"मग?"

"दिलं."

"कुणाचं?"

रुद्राणी गाडीत बसली, वाकून दोऱ्याची गाठ तपासली आणि म्हणाली, "चला. लई हसले बिचारे."

घरी पोचेपर्यंत चार वाजले. फाटकाशी दोन मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर उभा होता. पुढे मुक्ताबाई, काखेत मिक्सर.

"राजूबाबा, आप्पांचा व्हिडिओ सुनेनं दावला. तुजा हात लागला का मशीन चालू होती म्हणं. ह्याला बी एक गाठ मार."

"मावशी, असं काही नसतं!" राजेश्वर कळवळून म्हणाला. आणि आता काहीही झालं तरी विज्ञानच, असं ठरवून त्याने सगळ्यांसमोर मिक्सर ओट्यावर ठेवला, वायर बोर्डात लावली, नीट पाहिलं. "बघा! पिन ढिली आहे. बोर्डातून घसरतेय. एवढाच दोष! ही घट्ट धरली की झालं. कुणी चिकटपट्टी द्या."

चिकटपट्टी कुणाकडेच नव्हती. मुक्ताबाईंनी पदराच्या गाठीतून काळा दोरा काढून पुढे केला.

राजेश्वरने रुद्राणीकडे पाहिलं. ती आभाळाकडे बघत होती. त्याने बटण बंद केलं, दोरा पिनेभोवती गुंडाळून बोर्डाच्या खिळ्याला आवळला आणि बटण दाबलं.

मिक्सर सुरू झाला.

"नारळ कुटं फोडू?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.