सतरा जोडप्यांचं वर्गीकरण

“एक पक्कं लक्षात ठेवा. वर्ग पाडताना कुणी सुटता कामा नये, आणि एकच माणूस दोन वर्गांत बसता कामा नये.”

केंद्रावरच्या सरांनी हे सांगितलं त्याला महिना झाला, पण कौसल्याच्या कानात ते अजून आरतीच्या घंटेसारखं घुमत होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला होता. दर रविवारी काटेवाडीहून बारामतीला जायचं आणि डोक्यावर पदर घेऊन संख्याशास्त्राच्या तासाला पहिल्या बाकावर बसायचं. सर फळ्यावर ताळ्याच्या खुणा काढायचे, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, की हिला बांधलेल्या उसाची मोळी दिसायची. एकदा त्यांनी मध्ये उंच आणि दोन्हीकडं उतरत जाणारा वक्र काढला. वर्गातल्या पोरी तो उतरवून घेत होत्या, आणि कौसल्या बसल्या जागी हात जोडून होती. तिला त्यात नंदीची पाठ दिसली होती.

अशा बाईचे सोळा सोमवार पुरे होत आले होते. सतराव्या सोमवारी उद्यापन. सतरा जोडपी शेजारी शेजारी बसून जेवली पाहिजेत, तृप्त होऊन उठली पाहिजेत, तेव्हा व्रत पुरं. एक जोडपं जरी उपाशी गेलं तरी सोळा आठवड्यांचं अळणी खाणं पाण्यात.

या खेपेला अंदाजपंचे काही करायचं नाही, असं तिनं नवऱ्याला, सर्जेरावांना, ठणकावून सांगितलं. ठणकावून म्हणजे तिच्या मानानं. शेजारच्या खोलीत ऐकू गेलं नसतं. आधी माहिती गोळा करायची, मग तिचं वर्गीकरण, मग स्वयंपाक. सर्जेराव म्हशीला पेंड घालता घालता म्हणाले, “माणशी सरासरी दोन भाकरी धर आन् मोकळी हो.” त्यावर तिनं समजावलं, की तुम्ही पाच खाता आणि मी एक, आपली सरासरी तीन, पण तीन भाकरी खाणारं माणूस या घरात आहे का? सर्जेराव दोन दिवस घरभर ते तिसरं माणूस शोधल्यासारखे बघत होते.

आमंत्रणाच्या अक्षता आणि एक वही घेऊन ती घरोघर गेली. प्रत्येकाला वेगळं गाठून हळूच विचारायची, काय चालतं, काय सोसत नाही. कौसल्याच्या कानात घातलेलं म्हणजे देव्हाऱ्यात ठेवलेलं, असा तिचा लौकिक. त्यामुळं लोक जे डॉक्टरला सांगत नाहीत ते हिला सांगून बसले.

म्हातारे अप्पा गोठ्यामागं नेऊन कुजबुजले, की त्यांना तिखट अजिबात सोसत नाही. पण बायको, फुलाबाई, चाळीस वर्षं हौसेनं झणझणीत करते, तिचं मन कसं मोडायचं? कालव्यापलीकडचा गोकुळ तर उसाच्या सरीत उभा राहून बोलला. त्याला आठ महिन्यांपासून साखर होती. बायकोला, सरुबाईला, सांगितलं नव्हतं. ती जिवाला लावून घेते.

“वहिनी, तुमच्याकडनं शब्द जाऊ देऊ नका.”

“न्हाय जायचा,” कौसल्या म्हणाली. आणि खरं सांगायचं तर शब्द गेलाच नाही.

दुपारी ओसरीवर ती सारणी करायला बसली. कालव्यावरून गार वारा येत होता. तिखट चालणारे, तिखट न सोसणारे, गोड वर्ज्य, मऊ अन्न हवं असलेले, असे चार वर्ग. अप्पा मध्येच अडले. तिखटही नको आणि दातही नाहीत. माणूस तर एकाच वर्गात हवा. त्यांच्यासाठी तिनं दोन आरत्या आणि एक स्तोत्र म्हणेपर्यंत विचार केला आणि शेवटी जिभेला दातापेक्षा मान दिला. बेरीज चौतीसला चौतीस जुळली. तिला वाटलं, देवही असाच बसत असेल निवांत, एकेकाला अलगद उचलून आपापल्या जागी ठेवत. तेवढ्यात तिचा डोळा लागला, आणि स्वप्नात चौतीस माणसं चार सरींत उगवून वाऱ्यावर डुलत होती.

तेच स्वप्न तिनं सोमवारी अंगणात जसंच्या तसं मांडलं. चार वर्ग, चार पंगती. वाढायला बारामतीच्या कॉलेजात शिकणारी पुतणी वृषाली. तिच्या हातात वही. पाहुणे आले की वृषाली नाव बघायची आणि बसवायची. नवरा या पंगतीत, बायको त्या पंगतीत. कौसल्या आत प्रसादाच्या चुरम्यात तूप सोडत होती. तिला वाटत होतं, बाहेर शास्त्र मांडलंय.

ती बाहेर आली तेव्हा फुलाबाईंचं सुरू झालं होतं. “कौसल्ये, जोडपी जेवाय बोलावलीस का शाळंचं वर्ग भरवलंस? ह्यो माझा नवरा कुठं बसवला...” बोलता बोलता त्यांनी मान वळवली. अप्पा शेजारच्याच पाटावर होते. तिखट न सोसणाऱ्यांच्या पंगतीत.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

“तुमी हितं कसं?” फुलाबाई म्हणाल्या. “तुमाला तर झणझणीत लागतं.”

“मला? मी तर तुझ्यासाठी खातो.”

“आन् मी तुमच्यासाठी करते. माझ्या पोटात आग पडती रोज.”

चाळीस वर्षांचा ठेचा त्या दोघांच्या मध्ये येऊन बसला. मग अप्पा हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. साऱ्या अंगणात वर्गीकरणानं जवळ बसवलेलं जोडपं हे एवढंच.

तोवर वृषाली चुरमा वाढत आली होती. गोकुळनं पत्रावळ पुढं केली. ती त्याला ओलांडून गेली. समोरून सरुबाईंनी विचारलं, आमच्या ह्यांना प्रसाद का न्हाय? वृषालीनं वही बघितली आणि निष्पापपणे सांगितलं, की या पंगतीला गोड वाढायचं नाही.

सरुबाईंनी पंगत नजरेखालून घातली. पहिला माणूस साखरेच्या गोळ्या घेणारा. दुसराही. तिसऱ्याची तर सुई चालू होती. चौथा गोकुळ. बाईला कुणी काही सांगावं लागलं नाही.

“आठ महिनं झालं सुकत चाललाय. आन् मी ताकद यावी म्हणून दोन येळला गुळाचा चा पाजतेय,” एवढं बोलून त्या उठल्या आणि फाटकातून गेल्या. गोकुळ अनवाणीच मागं धावला.

कौसल्याच्या हातातली तुपाची वाटी हातातच राहिली. तिनं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. माणसाला नुसतं जागेवर बसवलं होतं. पंगती मोडून उरलेली जोडपी शेजारी शेजारी बसवली, तिखट-बिनतिखटाचा काला झाला, आणि सोळा जोडपी ढेकर देऊन उठली. सर्जेरावांनी विडा खाता खाता हिशेब काढला, की चौतिसात बत्तीस म्हणजे मार्क झकास पडले. पण महादेवाकडं टक्केवारी चालत नाही.

चार वाजता तिनं सरुबाईंना फोन लावला. आधी पुष्कळ वेळ नुसती माफी मागितली. “चूक माझी हाय. त्यांच्यावर राग धरू नका. मी प्रसाद घेऊन येते. तुमी दोघं शेजारी बसून जेवल्याबिगर मी तोंडात पानी घ्यायची न्हाय.”

मग सरुबाई म्हणाल्या, “या. पन तासाभरानं या. माझं बोलून संपलं न्हाय अजून.”

कौसल्यानं गोकुळसाठी भाजीभाकरी आणि सरुबाईंसाठी चुरमा एकाच डब्यात वर-खाली भरला. सर्जेराव गाडीची किल्ली घेऊन उठले, गाडीवर पाच मिनिटांची वाट होती. तिनं मानेनंच नको म्हटलं. डोक्यावर पदर घेतला, डबा पोटाशी धरला, आणि कालव्याच्या कडेकडेनं जाणारी लांबची वाट पायीच धरली. सरुबाईंचं बोलणं तासाभरात आटपणारं नव्हतं, म्हणून ती अगदी हळू चालत होती.