तळमजल्याचे पैसे

कुलूपवाल्यांनी सत्तराव्या वर्षी आपल्या छोट्या कंपनीचे सगळे शेअर विकले, याला कारण बायकोचे गुडघे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि बाई आठ महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्या हेरून ठेवल्या होत्या. दारासमोर बाकही होता.

करार बेचाळीस पानांचा होता. वकिलाने पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या; कुलूपवाल्यांनी फुली दिसेल तिथे सही ठोकली. किमतीचा चौथा हिस्सा हातात आला, उरलेले तीन एस्क्रो खात्यात गेले. म्हणजे दोन वर्षं पैसे बँकेच्या ताब्यात. तेवढ्यात कराराची एखादी अट मोडली, तर ते घेणाऱ्याला परत. आयुष्यभर कुलपं केलेल्या माणसाला ही व्यवस्था फारच आवडली.

वर्षअखेरीस करखात्याचं बोलावणं आलं.

"कर पूर्ण किमतीवर," साहेब म्हणाले. त्यांच्यापुढे तीन रंगांची पेनं ओळीत मांडलेली होती.

"अहो साहेब, पण तीन हिस्से मला मिळालेच नाहीत!"

"मिळणं ही तुमची खासगी बाब. विकलेत त्या दिवशी नफा झाला."

"मग तेच पैसे काढून तुम्हाला देतो."

"ते कसे काढाल? ते अजून तुमचे कुठे झालेत?"

कर भरला आणि हातातला हिस्सा पुरता संपला. इकडे अडकलेल्या रकमेवर व्याज साठत होतं, तेही त्याच खात्यात. बँकेने त्यावरचा कर कापला होता, पण घेणाऱ्याच्या नावावर.

"एकाच व्याजावर दोनदा कर?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"दोनदा कसा? त्यांचा कापलाय. तुमचा भरायचाय."

मेहुण्याकडून उसने घेऊन तोही भरला. मग मात्र त्यांनी एकपानी नम्र अर्ज केला: निदान व्याज हातात आल्यावर त्यावर कर घ्यावा, ही विनंती. खात्याने अर्जाला तत्परतेने क्रमांक दिला आणि वर्गवारी लिहिली, 'विवाद'.

कराराच्या एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं की विकणाऱ्याचा करखात्याशी कोणताही विवाद नाही व पुढेही असणार नाही. हे पान वाचलेला माणूस जगात एकच होता, तो म्हणजे घेणारा. बँकेने तिन्ही हिस्से व्याजासकट त्याला परत केले.

कुलूपवाले पुन्हा साहेबांपुढे उभे राहिले. "आता तर पैसे गेलेच. माझा कर तरी परत द्या."

साहेबांना मनापासून वाईट वाटलं. "नफ्याचं वर्ष बंद झालंय. तोटा या वर्षीचा. पुढे शेअर विकून नफा झाला, की त्यातून वजा करा."

"माझ्याकडे एकही शेअर उरला नाही."

"मग करही उरला नाही. सुटलात की!"

कुलूपवाले तीन मजले चढून घरी आले. खिडकीशी बसलेल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, ते एकतिसावं पान तुम्ही वाचलं नव्हतंत?"

"त्यावर फुली होती गं. सही केली."

तुम्हाला त्यांची कीव आली असेल, थोडं हसूही. हरकत नाही. फक्त आज सकाळी फोनवर 'सर्व अटी मान्य' या चौकटीत तुम्ही खूण केलीत, त्या अटींत काय लिहिलं होतं, तेवढं सांगा. बाई विचारताहेत. आठवायला सावकाश वेळ घ्या, त्या काही खाली उतरणार नाहीत.