शोधसेतूवर आढळून न आलेल्या दुर्गाबाई

"पैसं भरून जो तुमच्या म्होरं येतो ना ताई, त्याला तुमची गरज असती. तुम्हाला त्याची असंलच, असं न्हाई," असं बायडाबाईनं मेथीची जुडी देता देता तनुजाला सांगितलं होतं. तनुजानं हसून मान डोलावली आणि मोबाइलवर 'शोधसेतू' उतरवून घेतलं. एम.कॉम. झालेल्या बाईनं भाजीवालीच्या सांगण्यावरून ॲप नाकारणं कोथरूडमध्ये शोभलं नसतं.

शोधसेतू हा सुविचार हाइट्स सोसायटीच्या कार्यकारिणीचा उपक्रम. आजवर प्लंबर, डबा, शिकवणी, काहीही हवं असलं की लोक गेटवर टोपली घेऊन बसणाऱ्या बायडाबाईला विचारत. ही पद्धत अशास्त्रीय होती. शिवाय फुकट होती, म्हणजे तिला दर्जा कुठून येणार? यापुढे जो समावेश शुल्क भरेल तो यादीत येईल आणि जो जास्त भरेल तो वर येईल, असा ठराव सचिव रणजितरावांनी मांडला. "म्हणजे चांगली माणसं आपोआप वर," असं ते म्हणाले आणि सभेनं टाळ्या वाजवल्या.

तनुजाला फक्त एक माणूस हवं होतं. सोमवारी तिची रजा संपत होती. खराडीच्या ऑफिसनं पगारी रजा वाढवून द्यायला नकार दिला होता, नवऱ्यालाही सुट्टी नव्हती, आणि दोन वर्षांच्या समर्थला कुणाच्या हवाली करायचं हे ठरत नव्हतं. समर्थ चपला चावायचा. बाकी गुणी होता. तनुजा मात्र घरातल्या सॉकेटांची झाकणं दिवसातून चारदा तपासणारी आई. तिला वाटेल ते माणूस चाललं नसतं.

बुधवारी तिनं शोधसेतूवर 'मूल सांभाळणारी बाई' असं टाकलं. अर्ध्या सेकंदात सात निकाल आले. पहिला पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा. दुसरा बाणेरच्या तीन बीएचकेचा. तिसऱ्यात मुलं होती, पण ती अबॅकस शिकत होती.

तिनं रणजितरावांना गाठलं. "अहो, यात बायका दिसतच नाहीत."

"शुल्क भरलं नसेल त्यांनी."

"आणि बजरंग प्लंबर? तोही दिसत नाही."

"त्याला आहेत तीच कामं उरकत नाहीत. तो कशाला भरेल?"

"मग भरतं कोण?"

"ज्यांना कामं मिळत नाहीत ते."

हे रणजितराव इतक्या अभिमानानं म्हणाले की पुढे काही विचारणं तनुजाला प्रशस्त वाटेना.

गुरुवारी तिनं नाइलाजानं बायडाबाईला विचारलं.

"तुमच्याच बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर दुर्गाबाई हायेत की," बायडाबाई म्हणाली. "तीस वर्सं बालवाडीच्या बाई हुत्या. एकट्याच ऱ्हात्यात. जावा, बेल वाजवा."

पण तनुजा सावध. कुणाच्याही दारात जाण्याआधी तिनं शोधसेतूवर खात्री करून घेतली. उत्तर आलं, 'दुर्गाबाई: अशी व्यक्ती आढळत नाही.' कारण एक तारखेपासून रहिवाशांनाही समावेश शुल्क लागू झालं होतं. ते ऐच्छिक होतं, पण सक्तीचं. न भरणाऱ्याचं नाव आधी गेटवरच्या यादीतून गेलं, मग लिफ्टशेजारच्या पाटीवरून, शेवटी इंटरकॉममधून. तनुजा इथे आठ महिन्यांपूर्वी राहायला आलेली. तिचा नवरा सगळी शुल्कं आपोआप भरून टाकायचा, त्यामुळे तिला यातलं काही जाणवलं नव्हतं. बायडाबाईचं वय झालं, असं म्हणून तिनं विषय सोडला.

त्याच संध्याकाळी नोटीस लागली. 'विनाशुल्क, विनापरवाना व विनाकारण माहिती पुरवून शोधसेतूचे नुकसान केल्याबद्दल' बायडाबाईला गेटवरून उठवण्यात आलं. शुक्रवारी ती समोरच्या फुटपाथवर बसली. आता अख्खी सोसायटी रस्ता ओलांडून जाऊ लागली. नुसतं विचारून रिकाम्या हातानं परतणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येक जण काहीतरी घ्यायचा. दुपारी चारलाच टोपली रिकामी व्हायला आली.

तनुजा समर्थला कडेवर घेऊन तिथे पोचली, तेव्हा रणजितराव आधीच वाकून उभे होते. त्यांच्या सिंकचं पाणी खालच्या मजल्यावर उतरत होतं. शोधसेतूनं पाठवलेला माणूस नवं किचन करून द्यायला तयार होता, वॉशर बदलायला नव्हता.

"बजरंगला निरोप गेलाय, येतोय त्यो," बायडाबाई म्हणाली.

"एक विचारू?" रणजितराव म्हणाले. "नाव सांगायचे तुम्ही पैसे का घेत नाही?"

"घेतलं तर देणाऱ्याचंच नाव सांगाय लागंल. मग तुमी दुसऱ्यांदा कशाला याल? वांगी देऊ का अर्धा किलो?"

रणजितरावांनी वांगी घेतली. बायडाबाई तनुजाकडे वळली. "गेलता का दुर्गाबाईंकडं?"

"त्या आढळत नाहीत, मावशी."

"मलाबी बुधवारपासनं आढळल्या न्हाईत. एक दिस चुकवत न्हाईत त्या." आणि टोपलीवर पोतं टाकून बायडाबाई उठलीच.

बजरंग सिंकसाठी आला होता. बेल वाजवूनही कुणी उघडेना, म्हणून त्यानं आधी दुसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॅच खोललं. दुर्गाबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या. बुधवारी पाय घसरला, तो आता दुधीभोपळ्याएवढा सुजलेला. शेजारी चिवड्याचा डबा आणि पाण्याचा तांब्या. मोबाइल हॉलमध्ये राहिलेला. हाताशी इंटरकॉम होता. त्यांनी बटण दाबून दाखवलं. 'आपण समाविष्ट नाही. कृपया शुल्क भरून पुन्हा प्रयत्न करा.'

"दोन दिवस हेच ऐकतेय," दुर्गाबाई म्हणाल्या. "आवाज गोड आहे बाईचा."

"काकू, मी काल आले असते तर..." तनुजा डोळे पुसू लागली.

"तर काल सापडले असते. आता रडू नका. आधी त्या मुलाच्या तोंडातली माझी चप्पल काढा."

दुर्गाबाईंना सहा आठवड्यांचं प्लास्टर लागलं आणि समर्थला सांभाळायला त्या उभ्या राहीपर्यंत तनुजाला तेवढीच बिनपगारी रजा घ्यावी लागली. रविवारी कार्यकारिणीनं नोटीस लावली: 'श्रीमती दुर्गाबाई सापडल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत आहे. तथापि सदर शोध शोधसेतूबाहेर लागल्याने तो ग्राह्य धरता येणार नाही.'

तनुजाची तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या जिन्यात एखादं दार असेल, ज्याच्या आत कोण राहतं हे तुम्हाला सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे असलं काही नाही. आमचा ग्रुप आहे आणि सगळे त्यात आहेत. त्यात कोण नाही, हे ग्रुपवर कसं कळणार, तेवढं तिला सांगा. नाहीतर असं करा, मोबाइल घरी ठेवा, जा, बेल वाजवा, आणि आतून कुणी येईपर्यंत दारात थांबा.