अक्काचे हातमोजे

भर मे महिन्यात अहमदपूरच्या बाजारात लोकरीचे हातमोजे घालून टमाटे निवडणारी बाई दिसली, की ती आमची अक्का. एवढं मी गमतीनं सगळ्यांना सांगत आलो. पुढचं टाळलं. आता माझंच वय झालं, म्हणून सांगतो.

"मावशी, चोरी करून आलाव का?" भाजीवाला विचारी.

"तुझा भाव ऐकून गारठले रे!"

अक्का माझी थोरली बहीण, गणिताच्या निवृत्त बाई. स्क्लेरोडर्मा नावाच्या आजारानं तिची कातडी ताठ झाली होती. गार माठाला हात लागला तरी बोटं पांढरीफटक. ओठ आवळून तोंडही लहान झालेलं. "तोंड बारकं झालंय, बोलणं न्हाई," म्हणायची. जिन्यात दम लागला, की पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाढे विचारायची.

पुढे फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब वाढला. नांदेडच्या डॉक्टरांनी मूळ औषधांच्या जोडीला रक्त पातळ करणारी गोळी दिली. नंतर एकदा तेच म्हणाले, "ताई, या आजारात हिचा फायदा होतोच असं नाही. रक्तस्रावाची भीती मात्र आहे. बंद करायची का? तुम्ही सांगा."

अक्काचे ओठ सुटेपर्यंत मीच बोललो. आमच्यात डॉक्टरांशी पुरुषमाणूसच बोलतो. "राहू द्या साहेब. आहे ते औषध कमी कशाला करायचं?"

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बापू, तुला बरं वाटतंय ना? मग घेते."

काही महिन्यांनी तिच्या पोटात रक्तस्राव झाला. रक्त चढवावं लागलं, गोळी बंद झाली. खाटेभोवती सगळे जमलेले. "असं कशानं झालं?" तिच्या मुलानं विचारलं. मी खाटेखालच्या चपला सरळ करायला वाकलो.

"माझंच चुकलं," अक्का म्हणाली. "वेंधळेपणानं दोनदा घेतली."

ती वाचली. पण गोळ्यांचा डबा सुनेनं ताब्यात घेतला, आणि गावाला पाढे विचारणारी अक्का घरात विसराळू ठरली.

खरं सांगायचंच ठरवून मी गेलो. सून तिच्या हातावर मूळ औषधांतली गोळी ठेवत होती. "मामा, लक्षातच राहत न्हाई हो यांच्या." अक्कानं गुमान गिळली.

"अक्का, त्या गोळीचं..."

"आधी मोजा काढून बोटं चोळ रे. लई गारठलीत."

मी तिची पांढरी बोटं तळहातांत धरून चोळत बसलो.

"आलं का रक्त?"

बोटं हळूहळू लालसर होत होती. "आलं," म्हणालो.

तेवढंच बोललो. मग चहा आला, एसटीची वेळ झाली. राहिलेलं पुढच्या खेपेला म्हणून उठलो. ती खेप झालीच नाही.