खालचा जबडा, जुनी कामं

"लॅपटॉपमध्ये नवी सिस्टिम भरायची म्हणजे कवळी बसवण्यासारखंच आहे," कवळीवाल्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं. "जुनी काढायची, हिरडी साफ करायची, नवी बसवायची. हिरडीला मात्र धक्का लागता कामा नये. झालं!"

डॉक्टरीणबाई आल्या होत्या एका आजोबांची कवळी न्यायला. आजोबा बिचारे कधीपासून पातळ खाऊन दिवस काढत होते. पण कवळीवाल्यांचं लक्ष आज दातांत नव्हतं. उद्या नक्की देतो, असं सांगून त्यांनी बाईंना वाटेला लावलं आणि पुढच्या खोलीतल्या कामाच्या टेबलावरचे प्लास्टरचे साचे, मेण, पॉलिशचं चाक सगळं बाजूला सारून लॅपटॉपला जागा केली.

या लॅपटॉपने अगदी वैताग आणला होता. चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळून ठेवावा, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. पण खरी अडचण रविवारी व्हायची. रविवारी त्यांची बायको त्या पडद्यावर येऊन बोलायची.

त्यांची बायको पूल बांधते. म्हणजे बांधणाऱ्यांवर ओरडते. लांबच्या एका मोठ्या नदीवर तिची नेमणूक झाली होती आणि पूल होईपर्यंत तिला तिथेच राहायचं होतं. पूल काही होत नव्हता. कधी नदीला पाणी यायचं, कधी लोखंड यायचं नाही. इकडे कवळीवाले एकट्याचा कुकर लावायचे आणि न चुकता दोघांचा भात करायचे.

घरात असताना ही बाई एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. चहासुद्धा ती खोल्याखोल्यांतून फिरत प्यायची. बोलता बोलता पडदे सारखे करायची, बोलता बोलता निघून जायची. इतक्या वर्षांच्या संसारात कवळीवाल्यांनी तिला शांतपणे, डोळे भरून असं कधी पाहिलंच नव्हतं. आणि ती लांब गेल्यावर या मरतुकड्या लॅपटॉपने ती सोय केली! बोलता बोलता चित्र अडकायचं. बायको जिथल्या तिथे थांबायची. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. कवळीवाले मग खुर्ची पुढे ओढायचे आणि बघत बसायचे.

नुसते बघत नसत, बोलतही असत. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे गॅस संपला, नळ गळतोय, तू जेवलीस का, इथपर्यंतच. पण समोरचं माणूस अडकलंय, त्याला काही ऐकू जात नाहीये, म्हटल्यावर त्यांना वाचा फुटायची. घर खायला उठतं गं, म्हणायचे. तुझी उशी अजून तुझ्याच बाजूला ठेवतो, म्हणायचे. चित्र हललं की घसा खाकरून पुन्हा नळावर यायचे.

पडद्याचा फोटो काढणारं एक बटण असतं, हा शोध त्यांना एका रविवारी लागला. तेव्हापासून ते अडकलेल्या बायकोचे फोटो जमवत होते. ते तिच्या नजरेला पडले असते तर तिने तोच पूल त्यांच्या डोक्यावर बांधला असता. म्हणून कामाच्या फाइलींच्या पोटात, कुणी फिरकणार नाही अशा जागी, त्यांनी एक फोल्डर केलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं, 'खालचा जबडा, जुनी कामं'.

लॅपटॉप दुकानात द्या, असं बायको दर रविवारी बजावायची. कवळीवाले हो हो म्हणायचे. दुकानात द्यायचा म्हणजे परक्या माणसाने तो जबडा उघडून बघायचा. त्यापेक्षा आपणच करू, काय व्हायचंय!

तर त्यांनी पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर दिसणारी फाइली-फोल्डरांची एकूण एक चित्रं त्यात टाकली. 'खालचा जबडा'चंही चित्र तिथे होतं, रोज उघडायला सोपं जावं म्हणून त्यांनीच आणून ठेवलेलं. त्याच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता. तो शोभेचा असेल, असं त्यांना वाटलं. सगळा संसार डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पेन ड्राइव्हमध्ये मावला आणि वर भरपूर जागा उरली, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. लोक उगाच बाऊ करतात, असं मनाशी म्हणत त्यांनी नवी सिस्टिम भरायला घेतली. यंत्र मध्येच काहीबाही विचारत होतं. ते पुढे, पुढे, पुढे म्हणत राहिले.

संध्याकाळपर्यंत लॅपटॉप नव्या नवरीसारखा उजळून निघाला. बटण दाबायचा अवकाश, की हजर! कवळीवाल्यांनी मोठ्या ऐटीत पेन ड्राइव्ह लावला आणि 'खालचा जबडा' उघडला. ही वस्तू सापडत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा उघडला. पुन्हा तेच.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ती गेली. एकदा घरातून गेली होती, आता लॅपटॉपमधूनही गेली. पूल होईपर्यंत काढायच्या कशा या संध्याकाळी, असं त्यांच्या मनात आलं आणि ते तसेच टेबलाशी बसून राहिले. आजोबांची अर्धवट कवळी समोरून हसत होती. तिच्यावर त्यांनी फडकं टाकलं.

शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दवाखान्याचा कॉम्प्युटर असाच एकदा आडवा झाला होता, तेव्हा बाई यातून गेल्या होत्या. बाणाची गोष्ट ऐकून त्या हसल्याच. तो नुसता रस्ता दाखवणारा बाण असतो, खरी वस्तू दुसरीकडेच राहते, त्यांनी समजावलं.

"म्हणजे तुम्ही घर पाडलंत आणि पत्ता जपून ठेवलात," त्या म्हणाल्या. "पण घाबरू नका. डिस्क पुसली नसेल तर जुनं सगळं एका 'जुने' नावाच्या फोल्डरात ढकललेलं असतं. काही दिवसांनी ते आपोआप जातं, तेव्हा आजच काढा. आहे तरी काय त्यात एवढं?"

"खालचा जबडा."

"कुणाचा?"

कवळीवाल्यांची दातखीळ बसली. रेंज नसल्याचं निमित्त करून त्यांनी फोन ठेवला.

'जुने' फोल्डर निघालं. त्याच्या तळाशी ती होती, सगळीच्या सगळी, तोंड उघडून. जीव भांड्यात पडला! आता पुन्हा हरवायची नाही, असं ते ठरवत होते, तेवढ्यात लॅपटॉपनेच अदबीने विचारलं, की तुमची चित्रं कायमची सुरक्षित ठेवू का? तुमच्या खात्यात, सगळ्या उपकरणांवर? एवढं आपुलकीने तर हल्ली त्यांना कुणीच विचारत नव्हतं. त्यांनी हो म्हटलं आणि यंत्राने पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा हो म्हटलं. ते खातं दोघांनी मिळून उघडलं होतं आणि बायकोचा फोनही त्याच खात्यावर चालतो, हे त्या आनंदात कुणाला आठवणार!

दुसऱ्या दिवशी ते आजोबांच्या कवळीला पॉलिश करत होते, तेव्हा बायकोचा फोन आला. भर कामाच्या वेळी ती कधीच फोन करत नसे.

साइटवर आज बडे साहेब आले होते, ती सांगू लागली. खांबांचे फोटो ती आपल्या फोनवरून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवत होती. पहिला खांब झाला, दुसरा खांब झाला, आणि मग ती स्वतः आली, एक डोळा मिटलेली. पुन्हा ती आली, आ वासलेली. वर मथळा होता, खालचा जबडा, जुनी कामं. साहेबांनी विचारलं, ही कुठल्या खांबाची अवस्था?

पॉलिशचं चाक फुकट फिरत होतं. ते बंद करायचंही कवळीवाल्यांना सुचेना. त्यांनी लॅपटॉपवर दोष ढकलून पाहिला, बाणावर ढकलून पाहिला.

"अहो, ऐका," ती मध्येच म्हणाली. आवाज उतरला होता. "यातल्या कितीतरी फोटोंत मी अडकलेली नाहीये."

"म्हणजे?"

"पहिल्यांदा खरंच अडकलं होतं. पण चित्र तुमच्याकडे अडकलं होतं. तुमचा आवाज मला येत होता. तुम्ही उशीचं बोललात. मग पुढच्या रविवारी मी आपणहूनच गप्प बसले. हलले नाही. नाक खाजत होतं, तरी हलले नाही."

कवळीवाल्यांनी हातातली कवळी हळूच खाली ठेवली.

"समोर कधी बोलला असतात का तुम्ही?" ती म्हणाली. "आणि आता म्हणे लॅपटॉप दुरुस्त केलात."

"हो," ते म्हणाले. "आता अडकत नाही."

रविवार आला. चित्र लख्ख होतं. तिच्या कपाळावरची नवी आठीसुद्धा दिसत होती. दोघंही चोरी पकडल्यासारखी बसली होती. गॅस झाला, नळ झाला, जेवणं झाली आणि बोलणं संपलं. आता ती उठणार, हे कवळीवाल्यांना दिसलं. तिला थांबवायला एक शब्द सुचेना. तेव्हा त्यांनी घाबरून भलतंच केलं. हात हवेत तसाच ठेवला, तोंड अर्धं उघडं ठेवलं आणि स्वतःच अडकले.

ती बघत राहिली.

"मागे पंखा फिरतोय तुमच्या," ती म्हणाली.

ते हलले नाहीत.

तिने उठता उठता खुर्ची पुन्हा पुढे ओढली. पडद्याच्या अगदी जवळ आली आणि कधी नव्हे ती एका जागी बसली. "मलाही करमत नाही हो," ती म्हणाली. "जेवायला बसले की तुमचंही ताट घ्यायला हात जातो. पूल गेला खड्ड्यात, असं रोज वाटतं. पण ते कुणाला सांगायचं?"

अडकलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. कवळीवाल्यांच्या आलं, आणि लॅपटॉप नवा झाल्यामुळे ते पलीकडे अगदी स्वच्छ दिसलं असणार. ती बराच वेळ नुसती बघत बसली.

मग म्हणाली, "शर्ट उलटा घातलाय."